न पाहता केलेल्या सह्या

१९ जानेवारी, सोमवार. रजेचा शेवटचा दिवस. तुमचं टेबल आवरायला घेतलं होतं. रद्दीवाला चार वाजता येतो म्हणाला, त्याआधी कागद वेगळे करायचे होते. विजेची जुनी बिलं द्यायच्या ढिगात. चष्मे, मोजपट्टी आणि ते लांबट हिरवं रजिस्टर ठेवायच्या ढिगात. रजिस्टर मी मुद्दाम शेवटी उचललं. त्यात काय आहे हे मला माहीत होतं. म्हणजे मी लिहिलेलं माहीत होतं. मागच्या पानापासून उलटं तुम्हीही लिहीत आला होतात, हे माहीत नव्हतं.

अण्णा, तुम्ही सासरे म्हणून कसे होतात यावर मला लिहायचं नाही. ते तेराव्याला सगळे बोलून झाले. "शेवटी शेवटी डोकं चालेना हो त्यांचं" असंही चार-पाच जण म्हणाले आणि मी चहाचे कप गोळा करत गप्प राहिले. मला त्या गप्प राहण्याबद्दल लिहायचं आहे.

तुम्ही नोकरीभर लोकांच्या जमिनी मोजल्यात आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात जाहीर केलंत, "आता मनाची मोजणी करायची." सासूबाई तेव्हा होत्या. त्या म्हणाल्या, "करा. पण आधी गॅसचा नंबर लावून या." तुम्ही गॅसचा नंबर लावून आलात, बाल्कनीत खुर्ची टाकलीत आणि चार वाजता सुरुवात केलीत. नियम तुमचेच होते. पुस्तक नाही, गुरू नाही, आत्मा वगैरे मोठे शब्द नाहीत. "ऐकीव माहिती मोजणीत धरत नाहीत." नुसता विचार करायचा, पायरीपायरीने, आणि पायरी पक्की झाल्याशिवाय पुढचीवर पाय ठेवायचा नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ध्यानाच्या वर्गाला बोलावलं, तेव्हा तुम्ही त्यांना म्हणालात, "डोळे मिटून मोजणी करणारा आमच्या खात्यात निलंबित व्हायचा." काकू महिनाभर आमच्याशी बोलल्या नाहीत.

तुमचा प्रश्न एकच होता. मला कळतं, हे मला कशावरून कळतं? त्यावर तुम्ही बारा वर्षं काढलीत. खरं सांगते, मला ते रिकामपणाचं काम वाटायचं. पण त्या रिकामपणावर माझी नोकरी उभी राहिली, हेही खरं. माझी मुलगी ईशा तीन वर्षांची होती. मी शिकवणीच्या वर्गात गणित शिकवत होते. तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे कोर्स निघाले होते. मी एक केला आणि एका लहानशा कंपनीत काम मिळालं. घरात कोणी नको म्हणालं नाही, पण हो म्हणायलाही कोणी तयार नव्हतं. तुम्ही पेपर खाली ठेवलात. "तू जा. पोरीला मी बघतो. मलाही कोणीतरी पूर्वग्रह नसलेलं माणूस चर्चेला हवंच आहे." गिअरची स्कूटरही तुम्हीच शिकवलीत, कोथरूडच्या मोकळ्या प्लॉटवर, मागे बसून, एकदाही न ओरडता. इतके शांत का म्हणून विचारलं, तर म्हणालात, "घाबरलो होतो. पण कोण घाबरलंय ते बघत होतो."

मी सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांतली. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम चालवून बघायचा, कुठे चुकतो ते शोधायचं, आणि सगळं बघून झाल्यावरच 'पास' लिहून सही करायची. तुम्हाला हे काम फार आवडायचं. दोन हजार साल उजाडायच्या आधी आम्ही वर्षभर जुने प्रोग्राम उकरत होतो, कारण त्यांत सालाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेले. मी तुम्हाला म्हटलं, "शतक गहाळ आहे हे त्या प्रोग्रामला कळतच नाही." तुम्ही हातातली पोळी तशीच धरून बसलात.

"म्हणजे आपल्याला काय कळत नाही, हे त्याला कळत नाही."

"हो."

"मग मला कशावरून कळतं?"

"अण्णा, आमटी निवतेय."

तो वाद पुढे कितीतरी वर्षं चालला. भाजी निवडताना, दळण आणताना, मी खराडीहून बसमधून अंग आंबवून आल्यावर दारातच. तुमचं म्हणणं असं: शंका घेणारा शाबूतच असतो. माझं डोकं बिघडलंय का, अशी शंका मला आली, म्हणजे शंका घेणारा कारकून आत जागेवर आहे. तो नसता तर शंकाच आली नसती. तुमचे मित्र बापू, कसब्यातले तांबट, दर गुरुवारी तुमचं हे ऐकून घ्यायचे. त्यांनी त्यांच्या पद्धतीने मोडतं घातलं होतं. "मोजणीदार, भांडं ठोकायला एक हात आत लागतो, एक बाहेर. तुम्ही दोन्ही हात आत घालून बसलाय." तुम्ही हसण्यावारी नेलंत.

मी हसण्यावारी नेण्याजोगं बोलले नाही, हीच चूक झाली. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी वैतागून म्हटलं, "आमच्या प्रोग्राममध्येही चुका नोंदवणारा एक भाग असतो. तोच बिघडला तर तो 'सगळं ठीक' असंच लिहीत बसतो. तुमचा कारकूनच बिघडला तर शंका कोण घेणार?" तुम्ही उठून बाल्कनीत गेलात. दोन दिवस बाल्कनीतून आत आला नाहीत म्हटलं तरी चालेल. तिसऱ्या दिवशी मी डबा भरत असताना स्वयंपाकघरात आलात.

"शैलाबाई, तुमचं बरोबर आहे. बारा वर्षांत पहिल्यांदा हरलो. आतून हद्द ठरत नाही. मला पंच लागेल."

पंच म्हणजे काय हे मला तुमच्याकडूनच माहीत होतं. मोजणीला, पंचनाम्याला दोन माणसं बाहेरून आणून उभी करायची. त्यांनी डोळ्यांनी बघायचं आणि मग सही करायची. घरी बसून सही ठोकणाऱ्या पंचांच्या गोष्टी तुम्ही किती चिडून सांगायचात. अशाच एका सहीपायी कुणाची तरी विहीर शेजाऱ्याच्या हद्दीत गेली होती. त्या माणसाचं नाव तुम्ही तीस वर्षांनीही घेत नव्हतात. "तो" म्हणायचात.

तुम्हाला काही विसरायला होत नव्हतं. तुम्हाला फक्त तुमच्या सिद्धतेतली ती एक पायरी भरायची होती. म्हणून ते हिरवं रजिस्टर आलं. तुम्ही स्वतः रकाने आखलेत. दर रविवारी दहा वाजता बारा प्रश्न. तीन बाजू दिलेल्या शेताचं क्षेत्रफळ. इथून कसब्यापर्यंतचा रस्ता, वळणांसकट. आदल्या दिवसाच्या चतुःसीमा: सकाळी काय केलं, कोण आलं, काय खाल्लं, कशावरून चिडलो. सुरुवातीला मी माझ्या मनाने तीन शब्द सांगायचे आणि शेवटी ते तुम्हाला विचारायचे. आठवड्यातून एकदाच, दोनदा घेतली तर निकाल बिघडतो. उजवीकडे शेवटचा रकाना: पंचाची सही.

पहिले आठ रविवार मी नीट घेतली. तुम्हाला बारापैकी बारा. एकदा अकरा, कारण शनिवारी कशावरून चिडलात ते तुम्हाला सांगायचं नव्हतं. माझ्या हातून तेल सांडलं होतं, त्यावरून.

नवव्या रविवारी आमच्या कंपनीचं काम अंगाशी आलं होतं. परदेशातले ग्राहक सकाळपासून फोनवर. बरोबर दहाला तुम्ही रजिस्टर घेऊन दारात उभे राहिलात. मी फोनवर हात ठेवून "नंतर" म्हटलं. तुम्ही रजिस्टर जेवणाच्या टेबलावर ठेवून गेलात. दुपारी फोन संपला तेव्हा ते तिथेच होतं, त्या आठवड्याची ओळ कोरी. मला ती कोरी ओळ बघवेना. तुमच्या काळजीने नव्हे. माझं आणखी एक काम राहिलंय, म्हणून. मी बारा खुणा केल्या, समोर फ्रिजवर होतं ते बघून लिंबू लिहिलं, मग खिडकी, मग रिक्षा. सही केली. अर्धा मिनिट लागलं.

संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "आज राहिली ना?"

इथे मी 'हो' म्हणाले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. पण रजिस्टर भरून झालं होतं. ऑफिसात मी हाताखालच्या पोरींना अशा खोट्या 'पास'साठी रडवलेलं आहे. मी म्हणाले, "झाली की अण्णा, सकाळी. बघा, सही आहे."

तुम्ही रजिस्टर उघडलंत. ती ओळ शेवटपर्यंत वाचलीत. "झाली?"

"झाली. बारापैकी बारा."

"पुन्हा घेतेस का?"

"तुमचाच नियम. एकदाच."

तुम्ही मान हलवलीत आणि रजिस्टर बंद केलंत. मी कुकर लावला.

त्या आठवड्यात तुम्ही बाल्कनीत काहीतरी पुटपुटत होतात. लिंबू, खिडकी, रिक्षा. लिंबू, खिडकी, रिक्षा. मी माझ्या नवऱ्याला, तुमच्या मुलाला, सुधीरला हसत सांगितलं, "अण्णा बाजाराची यादी पाठ करताहेत."

पुढचे पाच रविवार मला सोपे गेले. एकदा खोटं लिहिलं की दुसऱ्यांदा हात आपोआप चालतो. तुम्ही दहाला यायच्या आधीच, चहा गाळतानाच मी ओळ भरून टाकायचे आणि तुम्ही दारात आलात की "झाली अण्णा" म्हणायचे. चौथ्या वेळेपासून तुम्ही विचारणंच सोडलंत. यायचात, सही बघायचात, जायचात. डिसेंबरात एका सकाळी तुम्ही स्कूटरची किल्ली माझ्या डब्याशेजारी ठेवलीत.

"ही तुझ्याकडे राहू दे. मी आता चालवणार नाही."

मला बरं वाटलं. एक काळजी मिटली. का, असं मी विचारलं नाही. तेव्हा तुम्ही आपणहून सांगितलंत. ओट्याला टेकून, पुतण्याच्या लग्नाबद्दल बोलावं तितक्या साध्या आवाजात. "शैला, मला रविवारच्या चाचण्या आठवत नाहीत. एकही नाही."

माझ्या हातात डब्याचं झाकण होतं. खाली बस येऊन उभी होती, हॉर्न वाजत होता. मला एकच वाक्य बोलायचं होतं, अण्णा. "झाल्याच नाहीत." दोन शब्द. पण ते बोलले असते तर तुमच्या डोळ्यांसमोर मी 'तो' झाले असते, विहीरवाला. मी झाकण लावलं आणि म्हणाले, "वय झालं की होतं असं. फार मनावर घेऊ नका."

तुम्ही म्हणालात, "बस चुकेल."

आता हे मागचं लिखाण. तुमचं ते बारीक, उभट, खात्यातलं अक्षर. नवव्या रविवारखाली: "तक्त्यानुसार सकाळी चाचणी झाली. शब्द लिंबू, खिडकी, रिक्षा. वाचूनही ओळखीचे वाटत नाहीत." त्यानंतरच्या एका रविवारी: "सहापासून खुर्चीत जागा आहे. दहापर्यंत शैला आली नाही असं मला वाटतं. तक्त्यात आली आहे." मग एक पूर्ण पान. वर आखून घेतलेलं, जसं तुम्ही वादाची जमीन लिहायचात.

"शक्यता एक: चाचणी झाली, मी विसरलो. शक्यता दोन: चाचणी झाली नाही, पंचाने न पाहता सही केली."

दुसऱ्या शक्यतेवर एक सरळ आडवी रेघ. पुढे: "नामंजूर. शैला असं करणार नाही." खाली सही, तारीख.

मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि पुन्हा येऊन वाचलं. रेघ तिथेच होती. बारा वर्षं तुम्ही एकही गोष्ट ऐकीव म्हणून धरली नाहीत. माझी सही धरलीत.

मग त्या चुकीच्या पायरीवर तुम्ही पुढची चढवलीत, नेहमीच्या काळजीने. विसरलेल्या माणसाला बारापैकी बारा कसे मिळतात? म्हणजे उत्तरं देणारा वेगळा आणि कळणारा वेगळा. उत्तरं देणारा धडधाकट आहे. कळणारा जागेवर नाही. "मी स्वतःला कळणारा समजत आलो. माझ्या नावाने घरात दुसराच कोणी उत्तरं देतो आहे आणि मला पत्ता नाही." तर्कात कुठे फट नाही, अण्णा. मी शोधली. माझं कामच ते आहे. चूक फक्त आत घातलेल्या माहितीत आहे, आणि ती माझ्या अक्षरात आहे.

शेवटची ओळ तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवसाची: "भीती वाटते. कोणाला वाटते ते तपासले पाहिजे."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तुम्ही खुर्चीतच गेलात. डॉक्टर म्हणाले हृदय. सगळे म्हणाले, सुटले, डोकं जायला लागलं होतं. तुम्हीच तसं सांगून ठेवलं होतंत ना सगळ्यांना. फसवायचं नाही म्हणून.

तुमचं डोकं शाबूत होतं, असं मी आता छाती ठोकून म्हणू शकत नाही. ते कळायची एकच जागा होती आणि तिथे मी उभी नव्हते. पण जे झालंच नाही ते न आठवणं म्हणजे विसरणं नव्हे, एवढं मला कळतं. ते तुम्हाला सांगायचं राहिलं. आणि हेही राहिलं की तो वाद मी जिंकले नव्हते. बापू म्हणायचे तसा बाहेरचा हात लागतो, हे तुम्ही मान्य केलंत. पण तो हात खोटा निघाला तर काय करायचं, हा तुमचा पुढचा प्रश्न असता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही तो विचारलाच नाहीत.

चारला रद्दीवाला येऊन गेला. पाचला सुधीर आला. मी रजिस्टर त्याच्यासमोर ठेवलं. त्याने वाचलं आणि म्हणाला, "फाडून टाक. वयाने झालं असेल काहीतरी."

"वयाने नाही. मी केलं."

त्याने त्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "कोणाला सांगणार आहेस?"

"ज्यांना त्यांनी सांगितलं, त्यांना. आधी बापूंना."

"बघ बाई," म्हणाला, आणि उठून बाल्कनीत गेला. तुमच्या खुर्चीत बसला नाही. कठड्याला धरून उभा राहिला.

मंगळवारी सकाळी मी ऑफिसात उशिरा येते म्हणून कळवलं आणि तुमची स्कूटर काढली. नवव्या किकला सुरू झाली. तुम्ही चाचणीत सांगायचात त्याच रस्त्याने गेले, वळणांसकट. एकही वळण चुकलं नव्हतं.

बापू दुकानात घागरीची कड वळवत होते. "ये सूनबाई. कामाचा दिवस ना आज?"

मी बसायच्या आधीच सगळं सांगितलं. बसले असते तर बोलले नसते. बापूंनी हातोडी खाली ठेवली.

"दोन गुरुवार निरोप धाडला मी त्यांना," ते म्हणाले. "तर उलट निरोप, बापू, मी आता भरवशाचा राहिलो नाही. मी फोन केला, म्हटलं, मोजणीदार, कधी होतात? हसले नाहीत. तेव्हाच म्हटलं, गेलं माणूस." मग माझ्याकडे बघून, "म्हणजे डोकं ठिकाणावर होतं?"

"ते आता कोणालाच सांगता यायचं नाही. पण जे झालं नव्हतं तेच त्यांना आठवत नव्हतं."

त्यांनी मला धीर दिला नाही, रागावलेही नाहीत. मी तिथल्याच फळीवर रजिस्टर उघडलं. खात्याची पद्धत मला तुम्हीच शिकवली होती: चुकीची नोंद खोडायची नाही, खरवडायची नाही. एक सरळ रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येतं. सहा ओळींवर सहा रेघा मारल्या. प्रत्येकीपुढे 'चाचणी घेतली नाही' लिहिलं, सही केली, तारीख घातली. मग रजिस्टर उलटं करून तुमचं ते पान काढलं. 'नामंजूर'वर रेघ मारली आणि शक्यता दोनसमोर लिहिलं, 'मंजूर'.

"पंच म्हणून तुमची सही हवी आहे," मी पेन पुढे केलं.

बापूंनी पेन घेतलं नाही. कोनाड्यातला चष्मा काढला, धोतराला पुसला, आणि रजिस्टर स्वतःकडे ओढून घेतलं.

"आधी बघू दे," ते म्हणाले, आणि पहिल्या रविवारपासून एकेका ओळीखाली बोट धरून वाचू लागले. मधे एकदा न बघताच म्हणाले, "बस की." मोजणी चालू असताना ज्याची हद्द आहे त्याने उभं राहायचं असतं, असं तुम्ही सांगायचात. त्यांचं वाचून होईपर्यंत मी उभी राहिले.